एक तिजोरी, दोन दावेदार

केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये धरण्यात आला. त्यापैकी ६.८१ लाख कोटी, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास रक्कम, संरक्षण मंत्रालयाच्या नावावर होती. आरोग्य मंत्रालयाची तरतूद एक लाख कोटींच्या जराशी आतच थांबली, अन्न अनुदान दोन लाख कोटींच्या थोडे वर गेले आणि ग्रामीण रोजगार हमीला ८६ हजार कोटी मिळाले. अर्थसंकल्प मांडला की हे आकडे शेजारीशेजारी छापून येतात आणि दोन पक्ष पडतात. एक विचारतो, सीमा सुरक्षित नसेल तर शाळा-दवाखाने बांधायचे कोणासाठी? दुसरा विचारतो, माणसे उपाशी आणि आजारी असतील तर सीमेच्या आत राखायचे काय? दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणूनच ते घोषणांवर सोडून चालत नाही. पुढील संवादात पहिल्याला संरक्षणपक्ष आणि दुसऱ्याला कल्याणपक्ष म्हटले आहे.

कल्याणपक्ष : हा वाद स्वातंत्र्यानंतर सुरू झाला असं समजू नका. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ मध्ये लंडनला हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडणारा लष्कराचा भार हा त्यांच्या मुख्य मुद्द्यांपैकी एक होता. पुढे १९०२ पासून कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना ते तेच सांगत राहिले. मिठावर मणामागे अडीच रुपये कर घ्यायचा, तिजोरीत शिल्लक दाखवायची, लष्कराला हवं ते द्यायचं आणि शाळांची वेळ आली की हात आखडता घ्यायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. १९०३ मध्ये मिठावरचा कर दोन रुपयांवर आला, नंतर आणखी उतरला. पण १९११ मध्ये त्यांनी मांडलेलं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं.

संरक्षणपक्ष : गोखल्यांचा दाखला मान्य, पण तो आजच्या सैन्याला लावू नका. ते सैन्य साम्राज्याचं होतं. ॲबिसिनिया, इजिप्त अशा परक्या मोहिमांवर ते जायचं आणि त्या खर्चातला वाटा इथल्या रयतेच्या माथी बसायचा. स्वतंत्र देशाचं सैन्य लोकांनी निवडलेल्या सरकारच्या हुकमात असतं आणि त्याच्या खर्चाला संसदेची मंजुरी लागते.

कल्याणपक्ष : मग बाबासाहेबांचं बोलणं घ्या. १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडल्यावर केलेल्या निवेदनात त्यांनी सरळ हिशेब मांडला, की साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात. तेव्हा सैन्यही आपलंच होतं आणि संसदही आपलीच.

संरक्षणपक्ष : ते निवेदन अर्ध्यावर सोडू नका. एवढा खर्च का करावा लागतो, याचं कारणही त्यांनी तिथेच दिलंय. परराष्ट्र धोरणामुळे देशाला मित्र उरले नाहीत, म्हणून हा भार एकट्याने उचलावा लागतो, असं ते म्हणत होते. सैन्य मोडा असं त्यांनी म्हटलेलं नाही.

या देवाणघेवाणीत वादाचा एक मोठा भाग उलगडतो. संरक्षणावर किती खर्च करावा हे अर्थ मंत्रालयात ठरत नाही. शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत आणि संकटात कोण मदतीला येईल, यावर ते ठरते. कोस्टा रिकाने १ डिसेंबर १९४८ रोजी सैन्य बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी ते राज्यघटनेत लिहून ठेवले. हे उदाहरण कल्याणपक्षाला प्रिय आहे. मात्र अमेरिका खंडातील देशांनी १९४७ मध्ये केलेला परस्पर संरक्षणाचा करार त्या देशाच्या पाठीशी होता, ही गोष्ट त्यासोबत सांगायला हवी. चीन आणि पाकिस्तान या दोन अण्वस्त्रधारी देशांशी सीमेचा वाद असलेल्या भारताला तो मार्ग मोकळा नाही.

नव्या प्रजासत्ताकाने १९५० च्या दशकात विकासाकडे झुकते माप दिले. संरक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास ठेवून धरणे, पोलाद कारखाने आणि शिक्षणसंस्था उभ्या केल्या. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले आणि हा हिशेब कोलमडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे संरक्षण खाते आले. सव्वाआठ लाखांचे भूदल, डोंगराळ मुलखात लढणाऱ्या नव्या डिव्हिजन आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल असे लक्ष्य ठरले. राष्ट्रीय उत्पन्नातला संरक्षणाचा वाटा दोनच वर्षांत जवळपास दुप्पट झाला.

कल्याणपक्ष : आणि त्याची किंमत कोणी मोजली? जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम निघाला. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायचा नाही! पिढ्यान्‌पिढ्या बावीस कॅरेटवर हात बसलेला सोनार बेकार झाला. त्याच वर्षी सक्तीच्या ठेवीची योजना आली, कंपन्यांच्या जादा नफ्यावर कर आला. ऑगस्टमध्ये लोकसभेत पहिला अविश्वास ठराव आला, तेव्हा राममनोहर लोहियांनी देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात असं सांगून सभागृह हादरवलं. सरकार पंधरा आणे म्हणत होतं. आकडा कुठलाही घ्या, बोजा पडत होता तो अशा माणसांवर.

संरक्षणपक्ष : पण १९६२ आधीची बचत तरी कोणाच्या कामी आली? सुती कपडे आणि कॅन्व्हासचे बूट घालून जवान हिमालयात उभे केले गेले. शांततेच्या काळात वाचवलेला पैसा युद्धात दामदुपटीने वसूल होतो, आणि तोही रक्ताच्या रूपात. तीनच वर्षांनी पाकिस्तानशी युद्ध झालं, तेव्हा चव्हाणांनी उभी केलेली ताकद नसती तर? आजही हवाई दलाला मंजुरी ४२ स्क्वाड्रनची आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर हाती २९ राहिल्या. लढाऊ विमान आज मागितलं आणि उद्या मिळालं असं होत नाही.

कल्याणपक्ष : कुपोषित मूलही उद्या पैसे आले म्हणून परवा भरून निघत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत जे गेलं, ते गेलं.

इथे दोन्ही पक्ष नकळत एकच गोष्ट सांगत आहेत. संरक्षण आणि कल्याण या दोन्ही खर्चांची फळे उशिरा मिळतात आणि दोन्हीतली हयगय उशिराच उघडी पडते. त्यामुळे चालू वर्षाचे अंदाजपत्रक जुळवताना कात्री लावायला दोन्ही सोयीचे ठरतात. १९६५ चे युद्ध संपता संपता मोठा दुष्काळ सुरू झाला, अमेरिकेची मदत अडली, धान्यासाठी बोटींची वाट पाहावी लागली, जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि १९६६ ते १९६९ पंचवार्षिक योजनेलाच सुटी द्यावी लागली. लालबहादूर शास्त्रींनी जवान आणि किसान यांचा जयजयकार एकत्र केला तो याच काळात. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला आणि महिना उलटायच्या आत, १८ ऑक्टोबर १९६५ रोजी, त्यांनी पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. धरणाचे उद्‌घाटन मात्र १९७६ मध्ये झाले. मधल्या दिरंगाईचा सगळा दोष युद्धाला देता येणार नाही, परंतु टंचाईच्या काळात मोठी कामे अशीच रेंगाळतात.

या वादाची सर्वांत कठीण परीक्षा १९७१ ते १९७३ या वर्षांत झाली. योगायोग असा, की संरक्षण खाते सांभाळून झालेले यशवंतराव चव्हाण आता देशाचे अर्थमंत्री होते. तिजोरीच्या दोन्ही बाजू आतून पाहिलेले असे नेते थोडेच. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले. त्यांच्या छावण्यांचा खर्च भागवण्यासाठी नोव्हेंबर १९७१ पासून पत्रांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट लावणे सक्तीचे झाले. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या जुन्या तिकिटांवरच निर्वासित साहाय्याचा शिक्का छापून ती चालवली गेली, मग नवी आली. डिसेंबरमध्ये युद्ध झाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रावर असा दुष्काळ कोसळला, की मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. बायका खडी फोडत होत्या, नालाबांध आणि पाझर तलावांवर पाट्या वाहत होत्या. रेशनवर बाहेरून आलेला लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळत होता, कामावर मुलांना सुकडी हा पौष्टिक कोरडा खाऊ वाटला जात होता. केंद्राच्या १९७३-७४ च्या अर्थसंकल्पात ५५० कोटींची तूट दिसली आणि त्याला काळा अर्थसंकल्प हे नाव कायमचे चिकटले.

संरक्षणपक्ष : म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. युद्ध, निर्वासित, दुष्काळ हे सगळं एकदम आलं, तरी देश तगला. दोन्ही खर्च एकाच वेळी करता येतात.

कल्याणपक्ष : करता आले, ते तूट वाढवून आणि महागाई सोसून. ती महागाई कोणी सोसली तेही सांगा. मात्र त्या काळात महाराष्ट्राने एक गोष्ट अशी केली, की तिचा अभ्यास अजून व्हावा. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवा, हा त्यांचा आग्रह. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आणि पैसा? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराने, वकिलाने, डॉक्टरने थोडं द्यायचं, तेवढीच भर सरकारने घालायची आणि गावाकडे पाझर तलाव उभा राहायचा.

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर आजही ही कपात दिसते. बहुतेकांना महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये पडतात. ती कशासाठी सुरू झाली हे आता फारसे कोणी सांगत नाही, आणि हे खेदाचे आहे. टंचाईच्या काळात सुरू झालेली ही योजना टिकली, कारण तिला दोन आधार होते. हक्क कायद्यात लिहिला होता आणि त्या हक्कासाठी स्वतंत्र उत्पन्न होते. देशपातळीवरचा २००५ चा रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

संरक्षणपक्ष : वेगळा कर बसवला म्हणजे पैसा वेगळा राहतो, असं मात्र नाही. माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठीचा एक टक्का उपकर २००७ पासून घेतला गेला, त्याचा स्वतंत्र निधी उभारायला २०१७ उजाडलं.

कल्याणपक्ष : हे खरं आहे. नुसता उपकर म्हणजे करदात्याला दाखवलेली पावती. कायद्याने दिलेला हक्क पाठीशी नसेल, तर तो पैसा सरकार कुठेही वळवू शकतं.

आता संरक्षणाच्या आकड्याच्या पोटात काय आहे ते पाहिले पाहिजे, कारण दोन्ही पक्षांचे बरेच गैरसमज तिथेच आहेत. २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींपैकी १.८ लाख कोटी सैन्यदलांच्या भांडवली खर्चासाठी, म्हणजे नवी विमाने, जहाजे, तोफा यांच्यासाठी होते. जवळपास तेवढेच, १.६१ लाख कोटी, निवृत्तिवेतनासाठी होते. ही निवृत्तिवेतनाची रक्कम आरोग्य मंत्रालयाच्या संपूर्ण तरतुदीपेक्षा मोठी होती. तिचा लाभ घेणाऱ्यांची संख्या ३४ लाखांच्या वर आहे.

ही रक्कम कुठे पोहोचते हे पाहायचे असेल, तर सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव पाहावे. गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ असे लावतात, कारण घरटी कोणी ना कोणी फौजेत असते. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या ४६ जवानांचे स्मारक तिथे आहे. सातारा जिल्ह्याच्या माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांत माणसाला दोन रस्ते परंपरेने ठाऊक आहेत : फौज किंवा मुंबई. तिथे फौजीच्या पेन्शनवर मुलाची फी भरली जाते, विहिरीचे कर्ज फिटते, म्हातारीचे औषधपाणी होते. अर्थसंकल्पात ती रक्कम संरक्षण खर्च म्हणून मोजली जाते. गावात तिचे काम कल्याण खर्चाचे आहे.

संरक्षणपक्ष : आणि हाच आमचा पेच आहे. २०१५ मध्ये समान पद, समान निवृत्तिवेतन लागू झालं. ते न्याय्यच होतं. पण पेन्शनचा भार वाढला, की नव्या शस्त्रांसाठी हात आखडतो. म्हणून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी आणि निरोप.

कल्याणपक्ष : पहिल्या वर्षी तीस हजारांतले एकवीस हजार हातात, नऊ हजार निधीला. पंचविशीच्या आत-बाहेर घरी परतलेल्या मुलाला पेन्शन नाही. तुम्ही शस्त्रांसाठी पैसा सोडवताय तो कल्याणाच्याच खात्यातून, फक्त ते खातं तुमच्या मंत्रालयात आहे.

संरक्षणपक्ष : मग तुम्हीच सांगा, विमानं कशातून घ्यायची?

या प्रश्नाला कल्याणपक्षाकडे सोपे उत्तर नाही. पण अग्निपथवरची चर्चा भरती आणि शिस्त यांपुरती राहिली आणि सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांचे उत्पन्न पुढच्या वीस वर्षांत किती आटेल याचा विचार मागे पडला, ही त्या निर्णयातली मोठी उणीव आहे.

संरक्षण उत्पादनामुळे रोजगार मिळतो, असाही एक युक्तिवाद असतो. ओझरचा विमान कारखाना, वरणगाव, अंबाझरी, भद्रावती इथले आयुध कारखाने यांनी त्या त्या भागात पिढ्या पोसल्या आहेत. एमिल बेनॉइट या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये ४४ विकसनशील देशांचा अभ्यास करून लष्करी खर्च आणि आर्थिक वाढ हातात हात घालून जाताना दिसतात, असे मांडले. नंतरच्या अभ्यासकांनी तो निष्कर्ष खोडून काढला. रोजगार हाच हेतू असेल तर शाळा आणि रस्ते बांधूनही तो मिळतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

यापेक्षा कितीतरी वजनदार मुद्दा राज्यघटनेतला आहे. संरक्षण केंद्राच्या सूचीत आहे. सार्वजनिक आरोग्य राज्यांच्या. दिल्लीत संरक्षणाचा एक रुपया वाचला, तर तो आपोआप गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचत नाही. उलट वाट मात्र खुली आहे. २०१९ मध्ये पंधराव्या वित्त आयोगाला संरक्षणासाठी निधीची स्वतंत्र व्यवस्था असावी का, हे तपासायला सांगण्यात आले. राज्यांना वाटल्या जाणाऱ्या करांतूनच हा पैसा आधी बाजूला काढला जाईल, अशी धास्ती राज्यांना वाटली. आयोगाने करांतला राज्यांचा वाटा ४१ टक्के ठेवला आणि संरक्षण व अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणासाठी २०२१ ते २०२६ या काळात २.३८ लाख कोटींचा, वर्षअखेर न बुडणारा निधी सुचवला. सरकारने ही शिफारस तत्त्वतः मान्य केली. म्हणजे ‘तोफा की भाकरी’ हा वाद भारतात बहुतेक वेळा ‘केंद्र की राज्ये’ या रूपात समोर येतो, आणि तो वित्त आयोगाच्या जाडजूड अहवालांत लढला जातो.

या सगळ्यात तिसरा दावेदार गप्प बसून सर्वांत मोठा घास घेतो. २०२५-२६ मध्ये केंद्राचे व्याजच सुमारे १२.७६ लाख कोटी होते, म्हणजे संरक्षणाच्या जवळपास दुप्पट. आजची तूट उद्या व्याज होते आणि दोन्ही पक्षांच्या ताटातून जाते.

संरक्षणपक्ष : जगही आता आमच्याच दिशेने निघालंय. २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलरवर गेला. भारताचा ८६ अब्ज. चीनचा अंदाजे ३१४ अब्ज.

कल्याणपक्ष : निघालंय, पण बिल कोणाला लावलं तेही बघा. ब्रिटनने २०२५ मध्ये संरक्षण वाढवण्यासाठी गरीब देशांना द्यायच्या मदतीत कपात जाहीर केली, राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर. डेन्मार्कने २०२४ पासून शेकडो वर्षे चालत आलेली एक सार्वजनिक सुटीच रद्द केली, म्हणजे लोकांनी एक दिवस जास्त काम करायचं. पाकिस्तानने २०२५-२६ मध्ये एकूण खर्च घटवून संरक्षण वीस टक्क्यांनी वाढवलं.

तीन देश, तीन मार्ग. ब्रिटनने तिथे मताचा हक्क नसलेल्यांचा वाटा कापला, डेन्मार्कने बोजा सर्वांवर उघडपणे टाकला, पाकिस्तानने इतर खर्च दाबला. यातला डेनिश मार्ग लोकांना रुचला नाही, पण तो प्रामाणिक होता. कोणाकडून काय घेतले जात आहे हे प्रत्येकाला कळत होते.

भारतात संरक्षणाची मागणी रेटायला सैन्यदले आहेत, संसदेची स्थायी समिती आहे, सीमेवरच्या घटना आहेत. रोजगार आणि धान्याच्या मागे कायदा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळेच अन्न अनुदानाला सहज हात लागत नाही. आरोग्याच्या मागे असा कायदाही नाही आणि असा रेटाही नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, महामारीच्या काळातही, तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चातला सुमारे ३९ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. या अपयशाचे खापर संरक्षणावर फोडणे चुकीचे आहे. तो खर्चही देशाच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपासच आहे, १९६३ च्या निम्माच. धोरणातले उद्दिष्ट पाळले नाही म्हणून कोणाला न्यायालयात जाता येत नाही. कायद्यातला हक्क नाकारला तर जाता येते. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. रोजगाराचा हक्क देशाला शिकवणाऱ्या महाराष्ट्राने तो अजून केलेला नाही.